पंतोजीचा शिधा आणि शिक्षकाचे निवृत्तिवेतन

शिक्षकाच्या पगाराचा इतिहास पाहू लागले म्हणजे पहिली अडचण उभी राहते ती ही, की आरंभीच्या कित्येक पिढ्यांना ‘पगार’ हा शब्दच लागू पडत नाही. गावच्या पंतोजीला मुलांच्या घरून शिधा यावयाचा आणि सणावाराला काही पैसे किंवा एखादे वस्त्र मिळावयाचे. विल्यम ॲडम ह्याने १८३५ ते १८३८ ह्या काळात बंगाल आणि बिहारमधील गावठी शाळांची पाहणी केली, तेव्हा गुरुजींच्या अशाच धान्याची, भेटींची आणि फीची त्याने रुपयांत गोळाबेरीज मांडली. बंगालच्या काही जिल्ह्यांत ती महिना तीन ते पाच रुपयांच्या दरम्यान भरली, बिहारात त्याहूनही कमी. आजारीपणाची रजा आणि म्हातारपणाची तरतूद ह्यांना ह्या हिशेबात रकानाच नव्हता. पंतोजी अंथरुणाला खिळला, की शाळेबरोबर शिधाही थांबणार हे उघडच होते.

१८२६ मध्ये मुंबईत तयार केलेले चोवीस शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविण्यात आले आणि इकडे पगारी शिक्षकाचा एक नवा वर्ग दिसू लागला. तथापि सरकारी तिजोरीतून मिळणारा प्रत्येक पैसा बांधलेल्या पगाराचा नव्हता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर अनुदानाची पद्धत रुजली आणि तिच्याच पोटी ‘परीक्षेच्या निकालावर अनुदान’ हा प्रकार जन्मास आला. तपासनीस यावयाचा, मुलांची परीक्षा घ्यावयाचा आणि उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या संख्येवर शाळेची रक्कम ठरावयाची. त्या दिवशी चार मुले तापाने घरी निजली असतील, तर त्यांच्या आजाराचा भुर्दंड गुरुजींच्या मिळकतीवर! १९०४ च्या कर्झनच्या शैक्षणिक ठरावानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

१८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले ह्यांनी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात ह्या प्रश्नाला नेमका हात घातला आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्याला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा किंवा वीस रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री अशी कामेही त्याच्याकडे द्यावीत, असे त्यांनी सुचविले. शाळाबाह्य कामांनी गांजलेल्या आजच्या शिक्षकाला हे वाचून हसू येईल. परंतु जोतीरावांचा हेतू गावात शिक्षकाचे वजन वाढावे असा होता, आणि गावात वजन कशाने येते हे त्यांना पुरते ठाऊक होते.

पुढे १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्वाधीन झाल्या. १९४७ च्या कायद्याने शिक्षणमंडळे आली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा. प्रत्येक बदलाबरोबर एकच प्रश्न नव्याने उभा राहिला: शिक्षक नोकर कोणाचा? वरवर तांत्रिक वाटणाऱ्या ह्या प्रश्नाच्या उत्तरावरच तो शिकवू शकत नाही त्या दिवसाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे ठरते.

त्याचे स्पष्ट उत्तर प्रथम माध्यमिक शिक्षणाच्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये दिले. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि निवृत्तिवेतन अशी तिहेरी लाभाची योजना त्याने सुचविली आणि १९५५ मध्ये मद्रास राज्याने ती अमलात आणली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकासाठी किमान १२५ रुपये वेतन सुचविले. सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा खाजगी शाळेतील शिक्षकांत वेतनाचा व निवृत्तिलाभांचा भेद राहू नये, हाही त्याचा आग्रह होता.

रजेची कथा मात्र जरा निराळी आहे. शिक्षकाला मे महिन्याची दीर्घ सुट्टी असते, म्हणून इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा त्याच्या खाती साठत नाही. आजारपणात त्याची भिस्त अर्धपगारी रजेवर असते. ती वर्षाला वीस दिवस जमते आणि वैद्यकीय दाखल्यावर तिचे पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत रूपांतर होते. मात्र एका दिवसापोटी दोन दिवस खर्ची पडतात. दहा वर्षांत एकही दिवस न वापरणाऱ्या शिक्षकाजवळ अशी दोनशे दिवसांची पुंजी असते. दुखणे लांबले तर पूर्ण पगाराचे शंभर दिवस त्याला मिळू शकतात. पंतोजीच्या बंद पडणाऱ्या शिध्यापासून हे अंतर लहान नव्हे.

एवढे मिळविल्यावर चाक उलटेही फिरले. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक नेमले जाऊ लागले. पहिली तीन वर्षे त्यांना वेतनाऐवजी ठरीव मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी जुने निवृत्तिवेतन थांबले आणि अंशदानाची योजना आली. शेवटच्या वेतनाच्या सुमारे निम्म्या रकमेची हमी जाऊन, स्वतःच्या व सरकारच्या वर्गणीतून बाजारात जे उभे राहील त्यावर उतारवय सोपविले गेले. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक-कर्मचारी जुन्या योजनेसाठी आठवडाभर संपावर गेले. मार्च २०२४ मध्ये शासनाने सुधारित योजनेचा पर्याय पुढे केला.

एकाच शाळेत, शेजारच्या वर्गांत, ३१ ऑक्टोबर २००५ ला रुजू झालेले एक गुरुजी आणि दुसऱ्या दिवशी रुजू झालेल्या एक बाई असू शकतात. दोघांचा हजेरीपट एक, अभ्यासक्रम एक. निवृत्तीनंतरचे त्यांचे हिशेब मात्र त्या एका रात्रीने वेगळे केले आहेत.