यंत्राच्या पदरची माणसे

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा करणारा आल्मन स्ट्राउजर हा गृहस्थ पेशाने विद्युत्शास्त्रज्ञ नव्हता. टेलिफोन जोडून देणारी बाई आपली गिऱ्हाइके संगनमताने प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्यास संशय होता म्हणतात, आणि त्या बाईसच मधून काढावे या हेतूने त्याने जी युक्ती योजिली, तिचे पेटंट त्यास 1891 च्या मार्चमध्ये मिळाले. संशय खरा की खोटा याचा निवाडा आता कोण करणार! पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी त्या युक्तीवर चालणारे स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. तेव्हा फिरती चकती नव्हती. ती मागाहून आली, आरंभी गिऱ्हाइकास कळाच मोजून दाबाव्या लागत.

चकती परतताना तारेतील प्रवाह जितक्या वेळा तुटतो तितक्या पायऱ्या सिलेक्टर या निवडयंत्राचा उभा दांडा विद्युत्चुंबकाच्या झटक्यांनी चढतो, आणि शेवटच्या सिलेक्टरात पुढील अंकाबरहुकूम आडवा वळून दहा ओळींतील, प्रत्येकी दहा संपर्कबिंदूंपैकी, नेमक्या बिंदूवर आपला वायपर, म्हणजे स्पर्शाची पट्टी, टेकवितो. शंभरांतून एकाची निवड दोन अंकांत होते. गिऱ्हाइके वाढली की त्याच्या आधी आणखी सिलेक्टर बसवावयाचे. ते चढतात हुकमाने, पण त्या ओळीतील मोकळी वाट आपली आपणच हुडकतात.

हिंदुस्थानात सिमल्यास 1913-14 च्या सुमारास असे एक्स्चेंज आले, आणि 1948 साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या सरकारी कारखान्यातून पुढे हीच यंत्रे बाहेर पडू लागली. बाई गेली खरी. पण तिच्या जागी तेलाची कुपी, ब्रश आणि कमानींचा ताण मोजण्याचे काटे घेऊन हिंडणाऱ्या कारागिरांची फलटणच पगारपत्रकावर चढली, कारण धूळ, झीज आणि सैल कमान यांच्याशी संगनमत करण्यास यंत्रासही हरकत नसते.

आता ती फलटण बरखास्त झाली आहे. ब्रिटनमधील अखेरचे स्ट्राउजर एक्स्चेंज 1995 साली बंद झाले, आणि कारागिराचा वारसा अनाहूतपणे संग्राहकाकडे आला. पन्नास व्होल्टांचा पुरवठा जोडून तो सेकंदास दहा स्पंद या दराने अंक पाठवितो, मग मुद्दाम किंचित मंद, मग किंचित जलद. दांडा दोन्ही वेळी तितक्याच पायऱ्या चढला पाहिजे. वायपर बिंदूच्या मध्यावर टेकला की कडेवर, हे भिंग लावून पाहावे लागते. ब्रिटिश टपालखात्याच्या ‘दोन हजार’ जातीच्या सिलेक्टरात सुटकेची चाल तर फारच सुरेख आहे: वायपर मागे न फिरता ओळीच्या शेवटापलीकडे जातो, तेथून खाली उतरतो आणि सर्व ओळींच्या तळाखालून कमानीच्या ओढीने मूळ जागी येतो. तो वाटेत अडखळला, तर दोष बहुधा वाळून घट्ट झालेल्या जुन्या तेलाचा असतो. ते पुसून काढल्यावाचून ताणाच्या स्क्रूस हात लावणे हा शुद्ध अविचार होय.