एका रांगेचा पडदा

भिवंडीच्या यंत्रमागावर आडवा धागा एका वेळी एकच पडतो, तरी आपल्याला अखंड कापड मिळते. १९८९ साली अमेरिकेत निघालेल्या ‘प्रायव्हेट आय’ या डोळ्यापुढे बसवायच्या चिमुकल्या पडद्याची युक्ती अशीच. त्यात तांबडे एलईडी फक्त २८०, तेही एका उभ्या रांगेत. थरथरणारा आरसा ती रांग ७२० जागी दाखवी; म्हणजे २,०१,६०० ठिपक्यांचे चित्र! कापडात धागा राहतो, इथे ठिपका लगेच विझतो. तो धरून ठेवतो आपला डोळा. अंधारात फिरवलेल्या उदबत्तीचे कडे दिसते ना, तसा. १९९३पासून एमआयटीतील विद्यार्थी थॅड स्टार्नर हाच पडदा लावून अंगावरचा संगणक वापरू लागले. निन्टेन्डोच्या १९९५मधल्या ‘व्हर्च्युअल बॉय’ या खेळयंत्रातही हीच युक्ती होती. पण चित्र तांबडेच, आणि वर्षभरात ते बंद पडले.