जिजा

जिजा हे मराठी मुलींचे नाव असून जिजाई, जिजाबाई, जिजाऊ ही त्याचीच रूपे होत. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवराव व म्हाळसाबाई यांच्या पोटी जन्मलेल्या, शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई (1598–1674) यांच्यामुळे ते महाराष्ट्रभर पोचले.

हे नाव जानकी-रुक्मिणीसारखे पुराणांतून आलेले नाही. सखू, ठकू यांच्या पंगतीतले, हाक मारायला सोपे असे ते घरगुती नाव आहे. वाडा आणि साधे घर असा भेदही त्याने कधी मानला नाही. देहूच्या तुकाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी जिजाई (घरात आवली), तर दुसऱ्या संभाजींच्या पश्चात कोल्हापूरच्या गादीचा कारभार 1773 पर्यंत पाहणाऱ्या राणीही जिजाबाईच.

नावाचा अर्थ मुळापेक्षा त्याला जोडलेल्या शेपटात अधिक आहे. ‘बाई’ मानाचे. ‘आऊ’ म्हणजे आई. शिवाजी महाराजांच्या मातोश्रींना ‘आऊसाहेब’ म्हणत, ते याच अर्थाने. म्हणजे ‘जिजाऊ’ ही खरे तर लेकरांनी मारायची हाक. आता मात्र आईबापच पाळण्यातल्या लेकीचे नाव जिजाऊ ठेवतात. ‘बाई’ हा प्रत्यय आजीच्या पिढीबरोबर मागे पडला, ‘आऊ’ टिकला.

बारसे रूढीने बाराव्या दिवशी होते. पाळण्याला फुले बांधतात, बायका पाळणा म्हणतात आणि आत्या बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. असाच पाळणा जिजाऊंच्या जयंतीला, म्हणजे दर 12 जानेवारीला, सिंदखेडराजाच्या राजवाड्यात गायला जातो. जिजाऊंचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या तिथल्या म्हाळसा महालात पहाटे महापूजा होते. जाधवरावांचे वंशज पूजेला असतात. परंपरेने जन्मतिथी पौष पौर्णिमा असली, तरी मोठी गर्दी तारखेलाच लोटते. मराठा सेवा संघाने रुजवलेला ‘जय जिजाऊ’ हा शब्द या भागात रामरामासारखा सहज कानी पडतो.

मुंबईत या नावाने व्हिक्टोरिया राणीची जागा घेतली. भायखळ्याची राणीची बाग ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ झाली. माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटला 1997 मध्ये वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले, आणि ते असे बेतले की व्हीजेटीआय ही आद्याक्षरे जशीच्या तशी राहिली.