शेंडेनक्षत्र आणि आपले संस्थान

शेंडेनक्षत्र उगवले की राजावर संकट येते, ही समजूत आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. परंतु अशाच एका शेंडेनक्षत्रामुळे आपल्या हैदराबाद संस्थानाच्या वाट्याला ज्ञानाचे मोठे कार्य आले, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. शताब्दीनिमित्त तो येथे थोडक्यात नोंदवीत आहे.

१८८२ च्या सप्टेंबरात भरदिवसा सूर्यालगत दिसण्याइतका तेजस्वी धूमकेतू प्रकटला. दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी अ‍ॅलिस या स्थानिक छायाचित्रकाराच्या साहाय्याने साधा कॅमेरा दुर्बिणीवर बसविला. पूर्वीच्या ओल्या काचा काही मिनिटांतच वाळून निकामी होत. आता जिलेटिनच्या कोरड्या काचा मिळू लागल्या होत्या, त्यामुळे दुर्बीण आकाशाच्या गतीबरोबर फिरवीत त्या तास-दोन तास उघड्या ठेवता आल्या. काचेवर धूमकेतू उमटला, तसेच त्याच्याभोवतीचे असंख्य तारेही उमटले. छायाचित्रांवरून साऱ्या आकाशाचा नकाशा करता येईल, हा विचार यातून बळावला. १८८७ मध्ये पॅरिसच्या परिषदेने हे कार्य हाती घेतले आणि निरनिराळ्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले.

इकडे हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये फिसलबंडा येथे स्वखर्चाने १५ इंची दुर्बीण आणून निजामिया वेधशाळेचा पाया घातला. त्यांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, ती संस्थान सरकारकडे आली. मूळ चिलीतील सँटियागोकडे नेमलेला, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादने स्वीकारला. ८ इंची छायाचित्रण-दुर्बिणीने चॅटवुड, पोकॉक आणि टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत हे कार्य चालले. सुमारे ८ लाख ताऱ्यांची नोंद खंडांमागून खंडांत छापली गेली.

याच वेधशाळेतील एका साहाय्यकाचे चिरंजीव वेणू बाप्पू हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले. २ जुलै १९४९ रोजी घेतलेल्या काचेवर त्यांना एक नवा धूमकेतू आढळला. तो आज बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले राज्य विभागले गेले. गुलबर्गा व बीदर म्हैसूरकडे आले. बीदर जिल्ह्यातीलच उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली आणि हैदराबादशी असलेले आपले नाते हळूहळू विस्मरणात गेले. त्या आठ लाख ताऱ्यांच्या नोंदीत मात्र आपल्याही पूर्वजांचा, त्यांनी संस्थानाला भरलेल्या साऱ्याचा, काही अंश आहे, हे विसरता कामा नये.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू दिसला, तेव्हा ठिकठिकाणच्या तरुणांनी मोबाइलवर त्याची छायाचित्रे घेतली. आपल्या सभासदांपैकी कोणाकडे अशी छायाचित्रे असल्यास त्यांना एक विनंती आहे. चित्रामागे तारीख, वेळ आणि गाव लिहून त्याची प्रत वाचनालयाकडे द्यावी. गिल यांच्या काचेला मोल आले ते ती नोंदींसह जपली गेली म्हणून. जपणे हेच तर वाचनालयाचे शंभर वर्षांचे काम आहे.