शाळेतली शैक्षणिक ॲप्स : पालक आणि आजी-आजोबांसाठी माहिती

पहिली ते पाचवीच्या मुलांच्या दप्तरात वही-पुस्तके असतात, तशी आता घरच्या मोबाइलवर शाळेची दोन-तीन ॲप्सही असतात. एखाद्यावर गृहपाठ येतो, एखाद्यावर गणिताचा सराव असतो, एखाद्यावर गोष्टी. शाळेकडून लिंक येते, आपण ॲप घेतो आणि मोबाइल मुलाच्या हातात देतो. पुढे त्यात काय चालते हे बऱ्याच घरांत त्या आठ वर्षांच्या मुलालाच ठाऊक असते.

वडोदऱ्यातल्या आपल्या अनेक कुटुंबांत आई-वडील दोघेही कामाला जातात आणि शाळा सुटल्यावर मूल आजी-आजोबांजवळ असते. 'आम्हाला यातले काही कळत नाही' असे म्हणून वडीलधारी मंडळी बाजूला होतात. त्यांनी तसे बाजूला होऊ नये, हाच या लेखाचा उद्देश आहे. ॲप चालवता येणे वेगळे आणि ते मुलाच्या उपयोगी पडते की नाही हे ओळखणे वेगळे. दुसऱ्या कामाला लागणारी समज आपल्याजवळ भरपूर आहे.

ॲप कोणत्या कामाचे, ते आधी पाहावे

प्राथमिक वर्गांत वापरली जाणारी ॲप्स साधारण चार प्रकारची असतात.

१. निरोपाची : शाळेच्या सूचना, गृहपाठ, सुट्ट्या, फी. यात शिकवणे नसते. ही पालकांच्याच मोबाइलवर असावीत.
२. वर्गाची : शिक्षक काम देतात, मूल ते करून परत पाठवते. 'गूगल क्लासरूम' या प्रकारातले. मुलाचे खाते सहसा शाळाच उघडून देते.
३. अभ्याससाहित्याची : पुस्तके, चित्रफिती, गोष्टी. मूल पाहते, ऐकते, वाचते.
४. सरावाची : प्रश्न येतात, मूल उत्तर देते, गुण किंवा तारे मिळतात.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात पालकांनी विशेष लक्ष घालावे. मुलाचा वेळ तिथे जातो आणि पैशाची मागणीही बहुतेक तिथूनच येते.

विनामूल्य आणि उपयोगी अशी काही साधने

'दीक्षा' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. अनेक राज्यांच्या आणि एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांत धड्याजवळ जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो, तो या ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य उघडते. कॅमेरा नीट चालत नसेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरे-अंक टाइप केले तरी चालते. मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडावी लागते. नाव न नोंदवता पाहुणा म्हणूनही ते वापरता येते. साहित्य एकदा उतरवून घेतले की नंतर इंटरनेटशिवाय पाहता येते.

'रीड अलाँग' हे गूगलचे वाचनाचे ॲप २०१९ मध्ये 'बोलो' या नावाने भारतात आले. २०२० मध्ये त्याचे नाव बदलले आणि त्यात मराठीही आली. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडलेला शब्द म्हणून दाखवते.

'स्टोरीवीव्हर' हे प्रथम बुक्स या संस्थेचे गोष्टींचे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या उतरवून छापताही येतात. अनेक गोष्टी मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत मिळतात.

'खान ॲकॅडमी किड्स' दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि पैसेही द्यावे लागत नाहीत. भाषा इंग्रजी आहे.

हिरवी खूण म्हणजे समज नव्हे

सरावाच्या ॲपमध्ये उत्तर बरोबर आले की हिरवी खूण येते, घंटा वाजते, तारा मिळतो. पालकांना आठवड्याचा अहवालही येतो : इतके प्रश्न सोडवले, इतके बरोबर. आम्ही बँकेत असताना रोज पासबुके छापून देत होतो. पासबुकात रक्कम कळते, पण ती पगारातून आली की उसनवारीतून हे कळत नाही. ॲपच्या अहवालाचेही तसेच आहे.

एक उदाहरण घ्या. पडद्यावर ४७ + ३६ असे गणित आहे आणि खाली ८३, ७३, ७१३ आणि ९३ असे चार पर्याय. मूल ७१३ दाबते, चूक. ७३ दाबते, चूक. मग ८३ दाबते आणि तारा मिळवते. मुलाला हातचा कळलेला नाही, पण पुढचा प्रश्न उघडला. वहीवर हेच गणित करताना त्याने ७३ लिहिले असते, तर हातचा राहिला हे शिक्षकांनी लगेच ओळखले असते.

म्हणून ॲपवरचा सराव झाला की दोन मिनिटांची तपासणी घरीच करावी. त्यातले एक गणित पर्यायांशिवाय वहीत करायला सांगावे आणि 'कसे केलेस ते मला शिकव' असे म्हणावे. आजीने '३६ रुपयांची भाजी घेतली, ५० ची नोट दिली, परत किती आले पाहिजेत?' एवढे विचारले तरी पुरे. मूल सांगू शकले तर ॲपचा उपयोग झाला. नाही सांगू शकले तर तारे कितीही असोत, तो धडा पुन्हा घ्यायला हवा. मुलाला त्यावरून रागवू नये. चूक कुठे होते आहे ते आपल्याला कळले, हाच फायदा.

मराठी वाचनासाठी

आपल्या बहुतेक मुलांची शाळा आता इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची आहे. घरी ती मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हातात दिले की अडतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हिंदीमुळे देवनागरी ओळखीची असते, पण 'ळ' त्याला हिंदीत भेटत नाही. गुजराती माध्यमातल्या मुलाला 'ळ' चांगला येतो, पण गुजराती लिपीत. एकाला अक्षर द्यावे लागते, दुसऱ्याला लिपी. शाळेच्या कोणत्याही ॲपमध्ये ही सोय आपोआप येत नाही, ती घरच्यांनी निवडावी लागते.

यासाठी एक सोपी पद्धत सुचवतो. मुलाला ज्या भाषेत सहज वाचता येते, त्या भाषेतली छोटी गोष्ट आधी वाचू द्यावी. मग तीच गोष्ट मराठीत घ्यावी. अर्थ माहीत असल्यामुळे मूल अक्षरांना घाबरत नाही. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च वेगळा, हे कागदावर दिसत नाही, ते कानांनीच शिकायचे असते. त्यासाठी शेजारी बसलेल्या आजोबांइतके चांगले ॲप नाही. रोज दहा मिनिटे पुरतात.

किती वेळ?

केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी 'प्रज्ञाता' ही मार्गदर्शक तत्त्वे दिली होती. त्यांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपर्यंत, आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सुचवली होती. ती शाळा बंद असतानाच्या काळातली मर्यादा होती. आता मूल रोज शाळेत जाते, त्यामुळे घरी त्याहून कमीच वेळ असावा.

परवानग्या आणि मुलाची माहिती

ॲप घेताना ते काही परवानग्या मागते. क्यूआर कोड वाचायला कॅमेरा लागतो, वाचन ऐकायला मायक्रोफोन लागतो, हे समजण्यासारखे आहे. पण पाढे शिकवणाऱ्या ॲपला आपले संपर्क क्रमांक किंवा ठिकाण कशाला हवे? कामाशी संबंध नसलेली परवानगी नाकारावी. बहुतेक वेळा ॲप तरीही चालते.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मुलांवर पाळत ठेवण्याला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला त्यात मनाई आहे. शाळांना शिक्षण आणि सुरक्षिततेच्या कामापुरती काही सूट आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, तोवर आपणच सावध असावे. मुलाचा फोटो, जन्मतारीख, आधार क्रमांक सरावाच्या ॲपमध्ये भरू नये.

पैशाची बाजू

या बाबतीत आमच्या जुन्या नोकरीचा थोडा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

• प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाजवळ जाहिराती आहेत का आणि आत खरेदी आहे का हे लिहिलेले असते. घेण्यापूर्वी ते वाचावे. खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी व्यवस्था त्याच स्टोअरच्या सेटिंगमध्ये करता येते.
• 'सात दिवस मोफत' म्हणताना कार्ड किंवा यूपीआय जोडायला सांगितले, तर आठव्या दिवशी पैसे कापले जाणार असे समजावे. ॲप मोबाइलवरून काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीतून किंवा यूपीआयच्या ऑटोपे यादीतून रद्द करावी लागते.
• रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आपोआप होणारी वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणून बँकेचे एसएमएस न वाचता पुसू नयेत.
• महागड्या अभ्यासक्रमाची फी 'सोप्या हप्त्यांत' सांगितली जाते, तेव्हा पुष्कळदा ते वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि ते पालकाच्या नावावर असते. मुलाने ॲप उघडणे सोडले तरी हप्ते चालू राहतात आणि थकले तर पालकाची पत खराब होते. सही किंवा ओटीपी देण्यापूर्वी कर्जाचे मुख्य तथ्य पत्रक मागून घ्यावे. डिजिटल कर्ज ठरावीक मुदतीत परत करून त्यातून बाहेर पडण्याची सोयही असते, ती मुदत विचारून ठेवावी.

शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये अशा कंपन्यांच्या मोफत सेवा आणि आपोआप वसुली यांबाबत पालकांना सावध केले होते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. फसवून पैसे काढले गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे.

शाळेला काय विचारावे

पालकसभेत पुढील प्रश्न जरूर विचारावेत : हे ॲप सक्तीचे आहे की ऐच्छिक? मोबाइल नसेल तर मुलाला गृहपाठ कसा मिळेल? पैसे कोण देणार? मुलाची कोणती माहिती ॲपला दिली आहे? आणि ॲपवरचा अहवाल शिक्षक पाहतात का, पाहून पुढे काय करतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शिक्षक अहवाल पाहत नसतील, तर तो सराव तपासणारे कोणीच नाही. मग ती जबाबदारी घरच्यांनी घ्यावी.

ज्या सभासदांना मोबाइलवरील वर्गणी रद्द करणे, परवानग्या बदलणे किंवा 'दीक्षा'वर पुस्तक शोधणे अवघड वाटते, त्यांनी संकोच न करता मंडळाच्या कार्यालयात विचारावे. येताना नातवंडांनाही बरोबर आणावे.