दोरा, उघड्यावरच्या शिवणीचा

दोरा, उघड्यावरच्या शिवणीचा : रिक्षाचे हूड, ताडपत्री, तंबू, होडीचे शीड, गच्चीवरचे छत, झोपाळ्याच्या गाद्या अशा ऊन-पाऊस-वारा सोसणाऱ्या वस्तू शिवण्यासाठी वापरला जाणारा दोरा. दुकानात तो बहुधा दोन्ही हातांत ताणून पाहिला जातो आणि सहज तुटला नाही की ‘मजबूत’ ठरतो. घरातल्या कपड्यांना ही पारख पुरते, उघड्यावरच्या कामात मात्र ती फसवते. नव्या दोऱ्याचे बळ आणि दोन उन्हाळे काढलेल्या त्याच दोऱ्याचे बळ यांचा मेळ बसेलच असे नाही. म्हणून येथे पाहायचे ते दोऱ्यात जोर किती आहे यापेक्षा तो जोर उन्हात किती काळ टिकतो.

कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, हे दृश्य जुन्या हुडांवर नेहमीचे आहे. त्याचे कारण टाक्याच्या रचनेतच आहे. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात आणि दोघांचा मोठा भाग पृष्ठभागावर उघडा राहतो. कापडातले सूत विणीत वर-खाली जाते, शेजारच्या सुतांचा त्याला आडोसा मिळतो, शिवाय अनेकदा त्यावर लेपही असतो. दोऱ्याला यातले काही मिळत नाही. तो कापडाच्या वर उचललेला असतो, त्यामुळे ऊन त्याला थेट लागते आणि घासही आधी त्यालाच बसते. त्यातच सूर्यप्रकाशातले अतिनील किरण तंतूंच्या लांबलचक रेणूंचे बंध तोडत असतात. रेणू आखूड झाले की तंतू ठिसूळ होतो. बाहेरून रंग जेमतेम उतरलेला दिसतो आणि पहिल्या वादळी वाऱ्यात शिवण टाक्यामागून टाका सुटत जाते.

ताकद आणि टिकाऊपणा वेगळे असतात याचा सर्वांत बोलका पुरावा ॲरामिड तंतूंचा. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या 1965 मधल्या संशोधनातून आलेला केव्हलार वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी बळकट आहे. तो गोळीरोधक जाकिटात चालतो. पण हाच तंतू झाकल्याशिवाय उन्हात ठेवला तर त्याची ताकद झपाट्याने घसरते. नायलॉनचीही गोष्ट थोडीफार अशीच. तो 1935 मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. पॉलिएस्टर तंतू 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधला. नव्या रिळांची तुलना केली तर नायलॉन अधिक लवचीक आणि घासेला अधिक चिवट ठरतो. उन्हात मात्र पॉलिएस्टर पुढे जातो. पॉलिएस्टर मुख्यतः सुमारे 320 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी शोषतो, आणि जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात अशा लहरींचा वाटा थोडा असतो. खिडकीची काच त्यातल्याही बऱ्याचशा अडवते, म्हणून काचेआडच्या पडद्यात पॉलिएस्टर दोरा फार वर्षे टिकतो. पाण्याचा हिशेबही त्याच्याच बाजूने आहे. दमट हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे 4 टक्के ओलावा घेतो, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्का. ओला नायलॉन ताणला जातो आणि पावसाळ्यात शिवण सैल पडते.

यावर कोणी म्हणेल, नायलॉन इतका कच्चा असता तर पॅराशूट त्याचे का करतात? उत्तर वापराच्या काळात आहे. पॅराशूट आयुष्याचा बहुतेक काळ पिशवीत घडी घालून असते आणि अचानक बसणारा झटका पचवायला नायलॉनची लवचीकता उपयोगी पडते. नौकानयनातही हाच भेद दिसतो. वाऱ्याची दिशा जमली की थोडा वेळ उभारायचे हलके, फुगणारे शीड नायलॉनचे असते, तर तासन्‌तास उन्हात ताणून राहणारे मुख्य शीड बहुधा पॉलिएस्टरचे. चामड्याची पिशवी, पट्टा, घरातला सोफा यांना नायलॉन चांगलाच. आक्षेप त्याच्यावर नाही, त्याला चुकीच्या जागी बसवण्यावर आहे.

दुसरा आक्षेप जुन्या कारागिरांचा आणि तो अधिक वजनदार आहे. सुती दोरा भिजला की फुगतो, सुईची भोके आपोआप बुजतात आणि तंबू गळत नाही, असे ते सांगतात. हे खरे आहे. ओल्या सुताची ताकद वाढते हेही खरे. पण कापूस म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज हे बुरशीचे अन्न. कोकणातल्या पावसाळ्यात ओली घडी करून ठेवलेला तंबू उघडला की कापड आणि शिवण दोन्हींवर काळे ठिपके दिसतात. आतला गाभा पॉलिएस्टरचा आणि वरचे वेष्टन कापसाचे असा दोरा ही बरी तडजोड आहे. वेष्टन फुगते आणि ते विरले तरी भार गाभा पेलतो. गणपतीच्या मांडवाची कनात हा मात्र अपवाद. ती उन्हात दहा-बारा दिवस राहते आणि उरलेले वर्ष गोदामात. तिथे शत्रू ओल आहे, ऊन नव्हे. कनात वाळवून ठेवली तर कोणताही बरा दोरा चालतो.

उन्हाच्या कसोटीवर सगळ्यांत वर येतो तो पीटीएफईचा दोरा, म्हणजे टेफ्लॉन या नावाने माहीत असलेले द्रव्य. रॉय प्लंकेट यांना ते 1938 मध्ये अपघातानेच सापडले. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की ऊन, खारे पाणी, बुरशी, आम्ल यांपैकी काहीही त्याचे फारसे बिघडवत नाही. मग सगळीकडे हाच का नको? तो पॉलिएस्टरच्या कित्येक पट महाग आहे, जाडीच्या मानाने फार बळकट नाही आणि निसरडा असल्याने मशीनचा ताण जुळवायला वेळ खातो. दहा वर्षे टिकणाऱ्या ॲक्रिलिक कापडाच्या छताला तो परवडतो, कारण उंचावरचे छत उतरवून पुन्हा शिवण्याची मजुरी दोऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त असते. दोन-तीन हंगामांत स्वतःच चिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला तो वापरणे म्हणजे पैशांचा चुराडा.

जाड दोरा उन्हात जास्त टिकतो, कारण बाहेरचे तंतू जळाले तरी आतल्यांना त्यांची सावली मिळते. जाडी टेक्समध्ये मोजतात, म्हणजे 1000 मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन. रिळावरचा टिकट क्रमांक उलट चालतो. 40 क्रमांकाचा दोरा सुमारे 75 टेक्सचा, तर 20 क्रमांकाचा त्याच्या दुप्पट जाड. घरगुती मशीन साधारण 70 ते 90 टेक्सपर्यंत झेपवते आणि त्याला 100 किंवा 110 क्रमांकाची सुई लागते. त्यापुढे गेले की भोक मोठे होते, पाणी झिरपते, आणि रेक्झिनवर टाके फार जवळ घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटायची रेषाच तयार होते. म्हणून टाका थोडा लांब ठेवावा. त्याहून मोठा लाभ शिवण झाकण्यात आहे. कड दुमडून किंवा वरून पट्टी लावून दोरा सावलीत नेला तर साधे पॉलिएस्टरही कितीतरी जास्त काळ काम देते. रंगांत काळा सहसा सरस, कारण काजळीचे रंगद्रव्य अतिनील किरण स्वतः शोषून घेते. पारदर्शक नायलॉनचा एकेरी दोरा कापडावर दिसत नाही म्हणून अनेकांना आवडतो, पण उघड्यावर तो लवकर कडक होऊन तुटतो.

रिळावर द्रव्याचे नाव नसेल तर तुकडा ज्योतीला लावून पाहावा. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टर काळसर धूर सोडत आकसून कडक मणी होते. नायलॉनचाही मणीच होतो, त्यामुळे या दोघांतला फरक ज्योतीवरून ओळखायला सराव लागतो; तिथे दुकानदाराला सरळ विचारणे सोपे.