पायथन भाषेचे आवृत्त्यंतर
पायथन ही संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची भाषा ग्वीडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथे निर्माण केली व ती १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झाली. ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत जुन्या आज्ञावलींशी असलेली सुसंगती हेतुपुरस्सर सोडण्यात आली. भाषेतील साचलेले दोष एकदाच काढून टाकावेत, हा त्यामागील उद्देश होता. तथापि या संक्रमणास सु. अकरा वर्षे लागली.

काही बदल वरवरचे होते. ‘प्रिंट’ हे विधान होते, ते फलन झाले व त्यापुढे कंस देणे आवश्यक ठरले. कंस नसल्यास आज्ञावली सुरूच होत नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. याउलट ३ ला २ ने भागल्यास पूर्वी १ येई, ते १.५ येऊ लागले. येथे आज्ञावली बिनतक्रार चालते, उत्तर तेवढे बदलते. म्हणून हा बदल अधिक घातक होय.

खरी अडचण मजकुराची होती. दुसऱ्या आवृत्तीत साधी अक्षरमाला म्हणजे बाइटांची रांग असे. युनिकोड मजकुराचा प्रकार निराळा होता, परंतु दोहोंची सरमिसळ भाषा चालवून घेई. इंग्रजी मजकुरात हे खपून जाई; अन्य लिपीतील अक्षर येताच आज्ञावली मध्येच बंद पडे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी युटीएफ-८ संकेतनात १५ भरे, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. तिसऱ्या आवृत्तीत ती ५ येते (म, र, काना, ठ, वेलांटी). मजकूर व बाइट यांची अशी फारकत झाल्यावर जुन्या आज्ञावलीतील कोणती अक्षरमाला कशासाठी आहे, हे माणसालाच ठरवावे लागले.

यांत्रिक रूपांतरासाठी ‘टू-टू-थ्री’ हे साधन देण्यात आले होते. एकदा रूपांतर करावे व जुने सोडून द्यावे, अशी अपेक्षा होती. परंतु बहुतेक आज्ञावली इतरांच्या तयार आज्ञावली-संचांवर अवलंबून असतात; ते बदलेपर्यंत पुढे जाता येईना, आणि संचकर्त्यांना दोन्ही आवृत्त्यांचे वापरकर्ते सांभाळावे लागत. म्हणून दोन्हींत चालेल अशी समाईक आज्ञावली लिहिण्याची रीत रूढ झाली. ‘सिक्स’ (दोन गुणिले तीन) हा छोटा संच तिला साहाय्यभूत ठरला. रचनाकारांनी प्रारंभी या रीतीची शिफारस केली नव्हती. पुढे त्यांनीच तिच्यासाठी माघार घेतली. युनिकोड अक्षरमालेपूर्वीचे ‘यू’ हे वगळलेले चिन्ह २०१२ मध्ये पुन्हा ग्राह्य झाले.

दुसऱ्या मालिकेतील अखेरच्या २.७ या आवृत्तीची (२०१०) देखभाल २०१५ पर्यंतच व्हावयाची होती. ती मुदत २०१४ मध्ये २०२० पर्यंत वाढविण्यात आली. २.७.१८ हे तिचे शेवटचे प्रकाशन एप्रिल २०२० मध्ये झाले. ‘टू-टू-थ्री’ हे साधनही ३.१३ या आवृत्तीतून (२०२४) काढून टाकण्यात आले.